आळी करा

रंभाबाईंचा गुडघा नवा बसवला त्याला महिना उलटला होता. जीभ मात्र जुनीच होती आणि तिला कसलंही दुखणं नव्हतं. पिरंगुटला लेकीच्या घरी, तळमजल्यावर खिडकीशी पाय लांब करून त्या बसायच्या आणि रोज सकाळी सहाला माणच्या घरी फोन लावायच्या. फोन उचलायचं काम थोरल्या सुनेचं, सुलक्षणाचं. तशी त्या घरातली बहुतेक कामं थोरल्या सुनेचीच होती, पण हे त्यातलं सगळ्यात कडू.

"लिंबाला घातलं?"

"घातलं, आत्याबाई."

"किती?"

"दोन बादल्या."

"दोन कशा? वैशाख हाय. तीन घालत्यात. आन् कडीपत्त्याला?"

"त्यालाबी घातलं."

"साबनाचं न्हाई न्हवं घातलंस? धुन्याचं?"

"न्हाई. तांदूळ धुतल्यालं घातलं."

"मंग ठीक."

हे 'मंग ठीक' म्हणजे शाबासकी. चोवीस वर्षांत याहून मोठी शाबासकी सुलक्षणाच्या वाट्याला आलेली नव्हती.

घराचं नाव 'शेतकरी हाईट्स'. चार मजले, खालच्या मजल्यावर मालक, वर भाडेकरू. शेतं केव्हाच काचेच्या इमारतींखाली गेली होती, त्यामुळं घराण्यात शेती उरली होती ती फक्त गेटवरच्या पाटीत आणि विलासशेठच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. विलासशेठ म्हणजे रंभाबाईंचा थोरला आणि सुलक्षणाचा नवरा. फ्लेक्सवर त्याच्या फोटोखाली 'भूमिपुत्र' असं लिहिलेलं असायचं आणि फोटोत त्याच्या अंगावर पांढराशुभ्र शर्ट असायचा. त्या शर्टाला मातीचा डाग पडलेला कुणी पाहिला नव्हता.

इमारतीच्या मागं दोन गुंठ्यांचं परस शिल्लक होतं आणि त्यात रंभाबाईंची बाग होती. लिंबू, कडीपत्ता, सीताफळ, दोन शेवगे, हापूसचं सात वर्षांचं कलम, मोगऱ्याचं बेट, वांगी-मिरचीचे वाफे, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू. मागच्या वर्षी धाकट्या सुनेनं, दिशानं, त्या बागेची रील काढली होती. 'माणची हिरवी आजी.' रंभाबाई नऊवारी नेसून कॅमेऱ्याकडं बघत म्हणाल्या, "झाडं लेकरांवानी जपाया लागत्यात." त्यांच्या मागं एक हात दिसत होता, बादली धरलेला. तो हात सुलक्षणाचा. आजींना सलाम, आजी ग्रेट, असं खाली शेकड्यांनी लोकांनी लिहिलं. हाताबद्दल कुणी काही लिहिलं नाही.

आता या परसावर दोन्ही लेकांचा डोळा होता. विलासला तिथं सहा खोल्या काढायच्या होत्या. धाकट्या राजूला भाडेकरूंच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं होतं. दोघं भाऊ या एका बाबतीत एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि म्हातारी दोघांनाही दाद देत नव्हती. ऑपरेशनला निघताना तर तिनं गाडीचं दार धरून, दोघांना समोर उभं करून, शब्दच टाकला.

"म्या येईस्तवर बाग जगली, तर माज्या जित्तेपनी परसाला हात लावायचा न्हाई. मेली, तर जागा तुमची. काय हवं ते बांदा."

दोघांनी माना डोलवल्या. म्हातारीला खात्री होती की सुलक्षणा काही झाडं मरू देणार नाही. सुलक्षणाला कुणी काही विचारलं नाही. बादलीला कोण विचारतं?

आणि सुलक्षणाला तर त्या उन्हाळ्यात एकच गोष्ट हवी होती. ही बाग एकदाची संपावी.

बोअर होळीलाच आटायची. मग टँकर. टँकर पहाटे पाचला यायचा, ते पाणी आधी वरच्या टाक्यांत चढवायचं, कारण भाडेकरूंना आंघोळ करून कंपनीत जायचं असायचं. त्यानंतर उरलंसुरलं, भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, पिंपात साठवून बादली-बादलीनं मागं न्यायचं. चाळीस बादल्या. ऊन चढायच्या आत वीस आणि ऊन उतरल्यावर वीस. कंबरेच्या डॉक्टरनं वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं. विलास म्हणाला होता, ठिबक बसवू. म्हणून पाच वर्षं झाली, अजून तो 'बसवू' म्हणतोच आहे.

पण आपल्या हातानं मारणंही तिला जमत नव्हतं. एकदा तिनं हट्टानं दोन दिवस पाणी तोडून बघितलं. तिसऱ्या दिवशी वांग्यांनी माना टाकल्या आणि ही बया पहाटे चारला उठून त्यांना पाणी पाजत होती, एकेका वांग्याला शिव्या देत. बाप नेऱ्याचा माळकरी शेतकरी, पेरूची बाग राखलेला. त्याच्या हाताखाली वाढलेल्या पोरीला तहानलेलं झाड बघवत नाही. तिला स्वतःचाच असा राग यायचा की काय सांगावं.

मग तो रविवार आला.

सुलक्षणाचा फोन बंद पडून चार्जिंगला लावलेला होता, म्हणून रंभाबाईंनी दुपारी बाराला सरळ विलासला लावला. विलास पडवीत नरहरी कंत्राटदाराबरोबर बसला होता आणि दोघांच्या मध्ये सहा खोल्यांचा नकाशा पसरलेला होता. आई अजून परत यायची होती, बाग अजून हिरवी होती, पण नकाशा तयार होता. विलासशेठ दूरदृष्टीचा माणूस.

"व्हय आई… व्हय… करतो… करतो म्हणलं ना." असं म्हणून त्यानं फोन कठड्यावर ठेवला आणि पुन्हा नकाशात बोट घातलं. फोनमधून आईचा आवाज बराच वेळ चालू होता. दहा मिनिटांनी तो स्वयंपाकघरात आला.

"आई म्हणती समद्या झाडांना अळी झालीय. लगोलग बंदोबस्त कर म्हणली."

सुलक्षणा पीठ मळत होती. तिचा हात थांबला.

अळी नव्हे, आळी. झाडाच्या बुंध्याभोवती पाणी धरून ठेवायला मातीचा गोल खोलगट वाफा करतात, ते आळं. एक आळं, दोन आळी. वैशाखात जुनी आळी फुटतात, पाणी मुळाला न जाता वाहून जातं, म्हणून ती पुन्हा खणून, बांधून, वर पाला पसरायचा. नेऱ्यात हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. आणि हा भूमिपुत्र झाडांवरची अळी मारायला निघाला होता.

"अळी?" ती म्हणाली. "पिरंगुटात बसून दिसली त्यांस्नी?"

याहून जास्त मदत तिनं त्याला केली नाही.

"जुनं माणूस हाय. त्यांना कळतं," विलास अभिमानानं म्हणाला आणि औषध आणायला गेला.

अडीच मिनिटांत सांगून झालं असतं. अडीच मिनिटंही नाही, एका वाक्याचं काम होतं. सुलक्षणानं ते वाक्य गिळलं आणि पीठ मळत राहिली.

औषध आलं. फवारायचा पंप राजूच्या गोदामातून आला. त्याच पंपानं राजूनं गेल्या आठवड्यात प्लॉटिंगच्या जागेवरचं गवत जाळलं होतं, तणनाशक मारून. पंप धुतलेला नव्हता. सुलक्षणाला तो वासावरनं कळला. म्हणजे आता गिळायला दुसरं वाक्यही तयार झालं: आधी पंप धुवा. तेही तिनं गिळलं. एवढंच नाही, विलास म्हणाला "पाणी आण," तर तिनं पाणीही आणून ओतलं. बादली तिच्या हाताला सवयीचीच होती.

भर दुपारी एकच्या उन्हात विलासनं नाकाला रुमाल बांधून झाडाझाडाला आंघोळ घातली. झाकणानं मापायचं औषध त्यानं अंदाजे ओतलं, आणि त्याचा अंदाज नेहमीच सढळ होता. राजूनं फोटो काढला. रात्री स्टेटसला फोटो चढला, 'काळ्या आईची सेवा'. खाली हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे.

आठ दिवसांत मिरच्या गेल्या. बारा दिवसांत लिंबाचा खराटा झाला. मोगरा काळा पडला, कलमाची पानं करपून लटकली. विलास म्हणाला, औंदा ऊनच लई हाय. सुलक्षणा मात्र रोज चाळीस बादल्या घालतच राहिली. तिचं तिलाही कळेना की मेलेल्या झाडांना आपण पाणी का घालतोय. सकाळी सहाला फोन वाजायचा, "लिंबाला घातलं?" आणि ती म्हणायची, "घातलं, आत्याबाई." त्यात खोटं काहीच नव्हतं.

पंधराव्या दिवशी, रविवारीच, रंभाबाई घरी आल्या.

दिशानं दारात रांगोळी काढली होती. कुकरमध्ये पुरणाची डाळ होती. विलासनं नरहरीला पण जेवायला बोलावलं होतं, 'सहज'. गाडी थांबली, रंभाबाई वॉकर घेऊन उतरल्या, औक्षणाचं ताट समोर आलं तसं त्यांनी ते हातानं बाजूला केलं.

"आधी मागं."

"आई, पहिलं पाणी तरी घ्या," दिशा म्हणाली. "इतकं ऊन आहे."

"झाडांनी घेतलं का पानी? मंग मी घेईन."

वॉकर खटखटत इमारतीला वळसा घालून निघाला. मागून विलास, राजू, दिशा, नरहरी आणि सगळ्यात शेवटी सुलक्षणा. पंधरा दिवस तिनं स्वतःला समजावलं होतं की आपण काही केलं नाही, आपण नुसतं बोललो नाही. आता म्हातारी तिथं पोचायच्या आत तिला ते समजावणं पुरेना झालं.

रंभाबाई परसाच्या तोंडाशी थांबल्या. दोन गुंठे राखाडी पडले होते. अळूच्या जागी चिंध्या होत्या. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिल्या.

"ऊन लई व्हतं, आई," विलासनं सुरुवात केली.

"ऊन दर साली असतं."

"औंदा जास्तच…"

"दादा, उगं उनावर ढकलू नका," राजू म्हणाला. त्याची वेळ आली होती. "आई, ह्यानं औषध मारलं. भर दुपारच्याला. मला तवाच वाटलं ह्याच्या मनात काळंबेरं हाय. त्याला खोल्या काढायच्यात, म्हणून बाग मारली मुद्दाम."

"मुद्दाम? तू फोटो काढत व्हतास, ते काय मुद्दाम न्हवतं? आन् पंप कुनाचा? तुजाच! त्यात काय व्हतं आधी, सांग आईला."

"मला काय ठावं तुमी धुवून घेनार न्हाई! माणूस पंप धुवून घेतो."

"दोघंही हळू बोला," दिशा म्हणाली, "वर भाडेकरू ऐकतायत."

ऐकत होतेच. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जनार्दन कपडे वाळत घालता घालता थांबला होता. जालन्याकडचा पोरगा, कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा, आणि भाडं वेळेवर देत असल्यामुळं त्याला गॅलरीत उभं राहायचा हक्क होता.

"पर आई," विलास छाती पुढं काढून म्हणाला, "मी मुद्दाम कशाला मारू? तूच सांगितलंस फोनवर. समद्या झाडांना अळी झालीय, बंदोबस्त कर."

"म्या?"

"व्हय, तू."

"मला पिरंगुटातनं अळी दिसली?"

"तेच तर! मला वाटलं तुला कळलं असंल कसं ते. थांब, माज्या फोनमधी समदे कॉल रेकॉर्ड व्हत्यात. आत्ता ऐकवतो. व्हऊ दे दूध का दूध."

माणसाला आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायची एवढी घाई झालेली क्वचितच बघायला मिळते. विलासनं चष्मा लावला, बोटानं खालीवर केलं, तारीख शोधली आणि फोन उंच धरला.

फोनमधून रंभाबाईंचा आवाज आला, बारीक पण खणखणीत:

'इलास, समद्या झाडांस्नी आळी करा. जुनी मोडली असत्याल. सांजच्याला करा, उनात न्हाई…'

'व्हय आई… करतो… करतो म्हणलं ना.'

'…खोडापासनं हातभर लांब धरा. वीतभर खोल. लिंबाचं जरा मोठं घ्या. वर पाला टाका वाळका, म्हंजी वल ऱ्हाती…'

आणि या आवाजाच्या मागं, थोड्या अंतरावरून, विलासचाच दुसरा आवाज: 'न्हाई नरहरीशेठ, हे लिंबाचं झाड जातंच की. संडास हितंच घ्या, लिंबापाशी.'

नरहरीला अचानक एक महत्त्वाचा फोन आला आणि तो फाटकाकडं गेला. जेवायला परत आलाच नाही.

"बघा!" विलास म्हणाला, कारण त्याला अजून काही कळलं नव्हतं. "म्हणली का न्हाई? अळी!"

"करा म्हणलीय," राजू विचारपूर्वक म्हणाला. "अळी कोन करंल? आळी म्हंजी गल्ली. बुधवार आळी, कासार आळी. आई म्हणतीय झाडांमधनं गल्ली करा. हातभर लांब धरा म्हंजी झाडं सोडून. ती पार्किंगच्याच बाजूनं हाय, मी कवाधरनं सांगतोय!"

"वीतभर खोल गल्ली?" दिशानं विचारलं.

"पानी जायला, गटार."

"मला तर वाटलं त्या अळू लावायला सांगतायत," दिशा हळूच म्हणाली.

वरून कुणीतरी खोकलं. जनार्दननं ओला शर्ट कठड्यावर ठेवला.

"काका, आळं म्हणतेत त्याला," तो म्हणाला. "झाडाच्या भोवताली खड्डा नाही का करत, पाणी थांबायला? आमच्याकडं मोसंबीला करतेत. आळं. त्याचं आळी. आजी ते म्हणत होत्या."

घरभाडं देणाऱ्या माणसानं, गॅलरीतून, भूमिपुत्राला मातीचा शब्द शिकवला होता. विलासचा फोन धरलेला हात हळूहळू खाली आला.

रंभाबाई लेकांकडं बघत होत्या. आधी एकाकडं, मग दुसऱ्याकडं. झाडं बघताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं.

"आळं ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "माज्या पोटच्या पोरास्नी आळं ठावं न्हाई."

"आई, आता कोन वापरतंय असले शब्द," विलास पुटपुटला.

"तुज्या बानं ह्या जिमिनीत दोनशे आळी केली एका उन्हाळ्यात. तू पाटीत बसून बघत व्हतास."

बापाचं नाव निघालं तसं दोघंही जमिनीकडं बघायला लागले. रंभाबाईंनी पदरानं डोळे पुसले, आणि मग त्यांची मान फिरली. सुलक्षणाला माहीत होतं ती फिरणार. पंधरा दिवस ती याच क्षणाला भीत होती.

"सुलक्षणा. हा तुला काय म्हनला त्या दिशी?"

"म्हनले, झाडांना अळी झालीय."

"आन् तू नेऱ्याची. तुज्या बाची पेरूची बाग. तुला आळी ठावी न्हाईत?"

सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली. तिथं विलासनं, आयुष्यात पहिल्यांदा, तिची बाजू घेतली.

"आई, तिला काय कळतंय त्यातलं! ती आपली सांगेल तसं पानी टाकती. तिला कशाला मधी घेती?"

दार उघडं होतं. मान खाली घालून 'न्हाई आत्याबाई, मला काय ठावं' एवढं म्हटलं की सुटका होती. विलास गाढव ठरला होता, राजू ठरला होता, तिनंही त्यांच्या रांगेत उभं राहायचं. पण 'तिला काय कळतंय' हे तीन शब्द तिच्या डोक्यात अशी आग लावून गेले की भीती कुठल्या कुठं पळाली. चोवीस वर्षं जिनं आळी खणली, तिला काय कळतंय?

"मला ठावं व्हतं," सुलक्षणा म्हणाली.

"काय ठावं व्हतं?" विलास.

"आळी म्हंजी काय ते. तुमी घरात येऊन अळी म्हनलात तवाच कळलं. आन् पंप धुतलेला न्हाई तेबी कळलं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी कुटं इचारलं? भूमिपुत्र तुमी. मी कोन सांगनारी?"

वर जनार्दननं तोंड टॉवेलात लपवलं.

"ताई, तुम्ही?" दिशा म्हणाली. "तुम्ही तर रोज पाणी घालता त्यांना!"

"म्हनूनच." सुलक्षणा थांबली नाही. "चोवीस उन्हाळे. दोन बाळंतपनांचे सव्वा-सव्वा म्हैने सोडले, तर एक दिस चुकला न्हाई. माज्या बाच्या मयताला गेले, तितनंबी सांजच्याला परत आले, का, तर कलम नवं हाय. कंबर गेली. आन् बाग कुनाची? आत्याबाईंची. मरूदे म्हनलं. मला लई राग येतो ह्या झाडांचा, आत्याबाई. त्यांचा काय दोस न्हाई, मला कळतं. तरी येतो."

एवढं बोलून ती रडायला लागली. कुणी पुढं झालं नाही. त्या घरात सुलक्षणाला रडताना सांभाळायचं काम कुणाकडं दिलेलंच नव्हतं.

पहिला सावरला तो विलास. बायकोची कबुली ही एका अर्थी सोय होती, हे त्याच्या ध्यानात आलं.

"जाऊ दे, झालं ते झालं," तो म्हणाला. "आई, चूक हिची, कबूल. पर शब्द तू दिलेला हाय, भर दारात. बाग मेली तर जागा आमची. आता शब्दाला जाग."

"जागते की," रंभाबाई म्हणाल्या. त्यांनी वॉकर उचलून लेकांकडं तोंड केलं. "कवा मोडलाय म्या शब्द? पर बाग मारली कुनी?"

"मी… म्हंजी औषध मी मारलं, पर…"

"तू काय मारतूस! तुला अळी आन् आळी कळंना. तू नुसता पंप धरलास, आन् त्यानं फोटू काढला. समजून-उमजून मारली ती हिनं. ह्या घरात ह्या बागंतलं कळनारं एकच मानूस हाय आन् ते हे हाय. जागा हिची."

राजू मोठ्यानं हसला. मग आपलं पार्किंगही त्यातच गेलं हे लक्षात येऊन थांबला.

"आई, असं कसं?" विलास म्हणाला.

"उद्या तलाठ्याकडं चला. माज्या नावावर हाय ते दोन गुंटं, मी कुनालाबी दीन."

त्यानंतर पाच मिनिटांत त्या परसात जे पालटलं ते बघण्यासारखं होतं. राजूनं पळत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणली आणि ती आईला नाही, सुलक्षणाला दिली. "वैनी, बसा ना तुमी. दमला असाल. पार्किंग केलं तर तुमाला झाडायचंबी काम न्हाई, सिमेंटच की." दिशानं पाण्याचा तांब्या आणला आणि म्हणाली, "ताई, मी तर नेहमी म्हणते यांना, ताईंवर फार पडतं." हे ती नेहमी कुठं म्हणत होती ते कुणालाच माहीत नव्हतं. विलास तर अगदी जवळ आला. लग्नानंतर सहा महिन्यांत जो आवाज हरवला होता, तो त्याला सापडला.

"सुलक्षणा, आपलं काय येगळं हाय व्हय? सहा खोल्या काढू. तुज्याच नावानं. 'सुलक्षणा निवास'. मोठी पाटी लावू."

सुलक्षणानं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्या सहा खोल्या नीट डोळ्यांसमोर आणल्या. सहा खोल्या म्हणजे सहा मोऱ्या, सहा नळ, आणि टँकर आला नाही की सहा माणसं दारात, 'काकू, पानी नही आया'.

"त्या सहा खोल्यांचं पानी कोन चढवनार?" तिनं विचारलं.

"ते बघू की पुढं."

"बसवू म्हना," ती म्हणाली. विलास मागं सरला.

"समदी आत जा," रंभाबाईंनी हुकूम सोडला. "पुरन वाटा, जेवा. मला आन् हिला ऱ्हाऊ द्या हितं." सगळे गेले. जनार्दनही कपड्यांकडं वळला. खुर्ची राजू परत घेऊन गेला. आता तिथं बघणारं कुणी नव्हतं.

रंभाबाई वॉकर रेटत झाडाझाडापाशी गेल्या. खोडावर नखानं ओरखडा काढायचा, आत हिरवं आहे का तपकिरी ते बघायचं. लिंबू तपकिरी. कलम तपकिरी. सीताफळाची फांदी हातात आल्यावर काटकीसारखी मोडली. प्रत्येक झाडाशी त्या क्षणभर थांबत होत्या. सुलक्षणा मागून चालत होती, आणि आता त्या पाठमोऱ्या म्हातारीकडं बघून तिला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं, पण केलं ते केलं नसतं तर बरं असं मात्र वाटत नव्हतं.

कडीपत्त्याच्या बुडाशी रंभाबाईंचं नख रुतलं आणि सालीखाली हिरवी रेघ उमटली.

"जीव हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"तुला ठावं व्हतं?"

"परवा बघितलं."

"कुनाला सांगितलं न्हाईस."

"न्हाई."

पिंपापाशी बादली होती, भरलेली. सकाळच्या विसांतली शेवटची. रंभाबाईंनी बादलीकडं बघितलं, मग झाडाकडं. 'घाल पानी' हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले सुलक्षणानं स्पष्ट पाहिले. चोवीस वर्षं ते असेच यायचे. पण जागा आता दुसऱ्या कुणाची होती, आणि ती त्यांनी स्वतःच, चारचौघांत, दिली होती. म्हातारीनं ते शब्द परत आत घेतले. त्यांच्या जागी दुसरे शोधायला तिला वेळ लागला.

"घालशील का?" रंभाबाईंनी विचारलं.

सुलक्षणानं कपडे धुवायच्या दगडावरची धूळ पदरानं झटकली आणि त्यावर बसली, पाय पसरून, पाठ भिंतीला टेकून. त्या परसात आजवर ती कधी बसली नव्हती. दगड तापलेला होता, तरी बरा वाटला.

"आज न्हाई," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बघीन. आज मी बसनार हाय. तुमीबी बसा."

"इतकं खाली?" रंभाबाई म्हणाल्या. "नवा गुडघा हाय माजा. मला खाली बसाया येत न्हाई."

"मंग उभ्या ऱ्हावा," सुलक्षणा म्हणाली.

आणि रंभाबाई उभ्या राहिल्या.